तेरा कोटी पुस्तके आणि सत्तावीस प्रश्न

घरातल्या कपाटातली कोणतीही दहा पुस्तके काढा आणि एका फळीवर ओळीने उभी करा. आता सांगा, ही दहा पुस्तके किती वेगवेगळ्या क्रमांनी लावता येतील?

पहिल्या जागेवर दहापैकी कोणतेही पुस्तक चालेल. दुसऱ्या जागेवर उरलेल्या नवांपैकी एक, तिसऱ्या जागेवर आठांपैकी एक. असा गुणाकार शेवटपर्यंत नेला की उत्तर येते ३६,२८,८००. मिनिटाला एक क्रम लावायचा, रात्री झोपायचे नाही, दिवसा जेवायचे नाही असे ठरवले, तर सगळे क्रम संपायला २,५२० दिवस लागतील. म्हणजे सात वर्षांना सव्वा महिना कमी.

दहाच्या ठिकाणी वीस पुस्तके घेतली तर? काम दुप्पट होईल असे वाटते. प्रत्यक्षात आकडा होतो २४,३२,९०,२०,०८,१७,६६,४०,०००. सेकंदाला एक क्रम या वेगाने सुमारे ७,७०० कोटी वर्षे. आपल्या विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानतात. म्हणजे विश्व जन्मल्यापासून आजपर्यंत जेवढा काळ गेला, त्याच्या पाचपटीहून अधिक काळ एका फळीवरची वीस पुस्तके उलटसुलट करण्यात जाईल.

या अफाट रचनांपैकी आपल्या कामाच्या रचना अगदी मोजक्या. ज्या रचनेत पूर्वी कधीही त्या कपाटापुढे उभे न राहिलेल्या माणसाला हवे ते पुस्तक दोन मिनिटांत सापडते, तीच कामाची. ग्रंथपाल नेमकी ती रचना निवडतो आणि रोज जपतो. वीस पुस्तकांची नव्हे, वीस हजारांची, वीस लाखांची. माझ्या मते माणसाच्या बुद्धीने केलेल्या सर्वांत मोठ्या कामांपैकी हे एक आहे, आणि सर्वांत कमी गौरवले गेलेलेही.

तेरा कोटींचा ढीग

जगात एकूण पुस्तके किती? २०१० साली गूगलच्या पुस्तक प्रकल्पात काम करणाऱ्यांनी हा प्रश्न मनावर घेतला. जगभरच्या ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र केल्या, एकाच पुस्तकाच्या दुबार-तिबार नोंदी गाळल्या आणि आकडा काढला १२,९८,६४,८८०. प्रती नव्हेत, वेगवेगळी पुस्तके. सोयीसाठी तेरा कोटी म्हणू.

रोज एक पुस्तक वाचून संपवणारा वाचक हे सगळे वाचायला बसला, तर त्याला ३ लाख ५५ हजार वर्षे लागतील. वाचणे सोडा, सेकंदाला एक या वेगाने नुसती मोजायची म्हटली तरी चार वर्षांहून अधिक काळ रात्रंदिवस मोजत राहावे लागेल.

आता समजा, हा तेरा कोटींचा ढीग एका मैदानात तसाच ओतला आहे आणि तुम्हाला त्यातले एक पुस्तक हवे आहे. नशीब साधारण असेल, तर साडेसहा कोटी पुस्तके उचलून पाहिल्यावर ते हाती लागेल. दैव रुसले, तर अगदी शेवटचे.

हीच पुस्तके नावानुसार क्रमाने लावली तर किती वेळा पाहावे लागेल?

सत्तावीस वेळा.

लहानपणी आपण मनात धरलेला आकडा ओळखायचा खेळ खेळायचो, तीच ही युक्ती. बरोबर मधल्या पुस्तकापाशी जायचे आणि विचारायचे, 'माझे पुस्तक याच्या अलीकडे की पलीकडे?' उत्तर मिळताच अर्धा ढीग बाद. उरलेल्याच्या मध्याशी पुन्हा तोच प्रश्न. दहाव्या प्रश्नानंतर तेरा कोटींतली सुमारे १ लाख २७ हजार उरतात. विसाव्यानंतर १२४. सत्ताविसाव्यानंतर एक, तुमचे.

उद्या जगातली पुस्तके दुप्पट होऊन सव्वीस कोटी झाली, तर सत्ताविसाचे चौपन्न प्रश्न होत नाहीत, अठ्ठावीस होतात. ढीग दुपटीने वाढतो, क्रम लावलेला असेल तर शोधणाऱ्याचे कष्ट फक्त एका प्रश्नाने वाढतात. ग्रंथालयशास्त्राची सगळी ताकद या एका ओळीत आहे.

८९१.४६ : आपला पत्ता

पण नावानुसार लावून भागत नाही. वाचक पुष्कळदा नाव घेऊन येत नाही, विषय घेऊन येतो. 'मधुमेहावर काही आहे का?', 'मुलीला नाट्यवाचनासाठी काहीतरी द्या.' तेव्हा पुस्तके विषयानुसार एकत्र हवीत.

१८७६ साली अमेरिकेत मेल्विल ड्युई या ग्रंथपालाने एक ४४ पानांची पुस्तिका छापली. कल्पना सोपी होती. सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग करायचे, प्रत्येकाचे दहा भाग, त्या प्रत्येकाचे दहा उपभाग. तीन अंकांत हजार खाने झाले. पुढे दशांशचिन्ह द्यायचे आणि हवे तितके अंक वाढवायचे. सहा अंकांत दहा लाख खाने होतात. जगातली तेरा कोटी पुस्तके या दहा लाख खान्यांत सारखी वाटली, तर एका खान्यात फक्त १३० येतील. ती एका कपाटात मावतील.

एक पत्ता जवळून पाहू. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' घ्या. ८०० म्हणजे साहित्य. ८९० म्हणजे त्यातल्या 'इतर' भाषांचे. ८९१ हे युरोप-भारतीय भाषाकुळातल्या उरलेल्या भाषांचे. दशांशचिन्हानंतर ४ आला की अर्वाचीन भारतीय-आर्य भाषा. त्यापुढे ६ म्हणजे मराठी. आणि त्याच्यापुढे २ म्हणजे नाटक. ८९१.४६२. सहा अंकांत आपण सगळ्या ज्ञानापासून मराठी नाटकाच्या फळीपर्यंत पोहोचलो. शेवटी २ च्या जागी १ असेल तर कविता, ३ असेल तर कथा-कादंबरी, ४ असेल तर निबंध.

मात्र हा पत्ता बारकाईने वाचला की मनाला एक गोष्ट टोचते. अमेरिकेतल्या इंग्रजी साहित्याला ८१०, इंग्लंडच्या साहित्याला ८२०. तिथल्या नाटकाला तीन अंक पुरतात, आपल्याला सहा लागतात. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली, आणि तिचे साहित्य 'इतर'च्या आत, त्यातल्या 'उरलेल्या'च्या आत, दशांशचिन्हापलीकडे. धर्माच्या २०० च्या वर्गातही तसेच: बायबल आणि ख्रिस्ती धर्म यांना २२० ते २८९ अशी ऐसपैस जागा, आणि भारतात जन्मलेले धर्म एका २९४ मध्ये दाटीवाटीने. ड्युईने जग आपल्या खिडकीतून पाहिले. पद्धतीत पुढे दुरुस्त्या होत गेल्या, आणि आपल्या भाषेला ८१० ची जवळची जागा द्यायची असेल तर तशी मुभाही नियमांत आहे. पण वर्गीकरण म्हणजे निव्वळ हिशेब नसतो. आधी कोण आणि नंतर कोण हे त्यात कोणीतरी ठरवलेले असते, एवढे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

बेरीज ठेवा, गुणाकार मिळवा

दुसरी अडचण अधिक खोल आहे. एका तालुक्याच्या गावी वाचनालयात मी महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' शोधत होतो. समाजशास्त्राच्या कपाटात नव्हता, इतिहासाच्याही नव्हता. ग्रंथपालबाई उठल्या, शेतीच्या कपाटापाशी गेल्या आणि खतांच्या व पीकसंरक्षणाच्या पुस्तकांमधून तो काढून माझ्या हाती दिला. म्हणाल्या, "इथे शेतकरीच जास्त येतात. त्यांच्या हाताशी असावा म्हणून मी मुद्दाम इथे ठेवलाय."

चूक कोणाचीच नव्हती. ते पुस्तक शेतीचे आहे, जातिव्यवस्थेचे आहे, कर्जबाजारीपणाचे आहे, इंग्रजी राज्यकारभाराचेही आहे. विषय चार आणि कागदाचे पुस्तक एक. ते फळीवर एकाच जागी उभे राहू शकते.

या कोड्याला भारतातून उत्तर मिळाले. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने आपला पहिला ग्रंथपाल म्हणून गणिताच्या एका प्राध्यापकाला नेमले. ते शियाळी रामामृत रंगनाथन. नेमणुकीनंतर ते शिकायला लंडनला गेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मुलांचा मेकॅनोचा खेळ पाहिला. थोड्याच पट्ट्या आणि स्क्रू, पण जोडणी बदलली की कधी गाडी, कधी पूल, कधी क्रेन. गणितज्ञाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तयार विषयांची यादी कशाला करायची? सुटे भाग ठेवू आणि विषय लागेल तसा जोडू. १९३३ साली त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले.

यातले गणित असे. समजा, वैद्यकासाठी २० अवयव, ३० रोग, २० उपचार, ५० प्रदेश आणि १० दशके एवढे सुटे भाग केले. यादीत लिहिलेले शब्द किती? बेरीज करा: १३०. एका कागदावर मावतील. आता प्रत्येक गटातला एकेक भाग जोडून किती विषय तयार होतील? गुणाकार करा: २० गुणिले ३० गुणिले २० गुणिले ५० गुणिले १०. उत्तर ६० लाख. 'अमुक दशकात अमुक प्रदेशात फुप्फुसाच्या क्षयावर अमुक उपचार' अशी साठ लाख वेगवेगळी शीर्षके, १३० शब्दांच्या जोरावर.

यादी बेरजेने वाढते, विषय गुणाकाराने वाढतात. आज खरेदीच्या संकेतस्थळावर साडी शोधताना आपण रंग, कापड, किंमत असे पर्याय एकामागून एक निवडतो, तेव्हा आपण हाच विचार वापरत असतो. तो मद्रासमधल्या एका ग्रंथपालाने नव्वद वर्षांपूर्वी पुस्तकांसाठी नियमांत बसवला होता.

एक माणूस, तीन नावे

वर्गीकरण म्हणजे पुस्तकाचा पत्ता. तालिका म्हणजे त्या पत्त्यांची वही, आणि ही वही करणे सोपे नाही. पुन्हा गडकऱ्यांकडेच जाऊ. नाटकांवर नाव राम गणेश गडकरी, कवितांवर गोविंदाग्रज, विनोदी लेखांवर बाळकराम. तालिकेत ही तीन नावे तीन माणसे म्हणून नोंदली गेली, तर 'गोविंदाग्रज' शोधणाऱ्याला नाटककार भेटणारच नाही. म्हणून जुन्या लाकडी खणांत एक छोटे पत्र असायचे:

गोविंदाग्रज : पाहा – गडकरी, राम गणेश

पाच शब्दांचे हे पत्र लिहिणाऱ्याला मराठी साहित्य माहीत असावे लागते. 'ज्ञानेश्वरी' आणि 'भावार्थदीपिका' हा एकच ग्रंथ आहे, कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, हे यंत्राला आपोआप कळत नाही. कोणीतरी ते आधी लिहून ठेवलेले असते.

अकारविल्ह्यातही पेच आहे. शाळेत आपण 'ज्ञ' वर्णमालेच्या अगदी शेवटी शिकतो, आणि संगणक त्याला ज् आणि ञ यांचे जोडाक्षर मानून 'ज'मध्ये घालतो. नियम आधी ठरला नाही, तर मराठीतला सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ खणाच्या मध्यावर असेल की शेवटी, हेच वाचकाला कळणार नाही.

हे काम आपल्याकडे एका माणसाने किती मोठ्या प्रमाणावर केले, ते सांगायलाच हवे. शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चे दोन खंड १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० असा दीडशे वर्षांचा काळ व्यापतात. दोन्ही मिळून २६ हजारांहून अधिक ग्रंथांच्या नोंदी. प्रत्येक नोंदीत लेखक, नाव, साल, प्रकाशक, पाने. एका नोंदीला पंधरा मिनिटे धरली, तर रोज आठ तास बसून, एकही सुट्टी न घेता सव्वादोन वर्षांचे काम झाले. यात पुस्तक शोधण्यासाठी केलेला प्रवास नाही, तपासणी नाही, मुद्रिते वाचणे नाही. मराठीत छापलेल्या पुस्तकांचा इतिहास लिहायला बसणारा प्रत्येक जण आजही दात्यांच्या नोंदींवर उभा आहे. वाचकांना मात्र त्यांचे नाव क्वचितच ठाऊक असते.

सहा वेळा पृथ्वीभोवती

तालिकापत्र साडेसात सेंटिमीटर उंच आणि साडेबारा सेंटिमीटर रुंद. तळाशी मधोमध सळईसाठी एक भोक. अशा पत्रांवर जगाने एकेकाळी आपले सगळे ज्ञान नोंदवायला घेतले होते.

१८९५ मध्ये ब्रुसेल्सला पॉल ओत्ले आणि आंरी ला फाँतेन या दोघांनी जगातल्या प्रत्येक प्रकाशनासाठी पत्र करायचे ठरवले. पत्रांची संख्या १ कोटी २० लाखांच्या पुढे गेली. लोक टपालाने प्रश्न पाठवत आणि तिथले कर्मचारी खणांतून पत्रे शोधून टपालानेच उत्तर धाडत.

पत्रांचा खरा महापूर अमेरिकेत आला. ओहायो राज्यातल्या ओसीएलसी या ग्रंथालयांच्या संस्थेने १९७१ पासून ग्रंथालयांना पत्रे छापून द्यायला सुरुवात केली. १९८५ या एका वर्षात १३ कोटी १० लाख पत्रे छापली गेली, म्हणजे वर्षभर दर सेकंदाला चार. १ ऑक्टोबर २०१५ रोजी शेवटचा गठ्ठा छापून छपाई थांबली, तेव्हा एकूण आकडा १९० कोटींच्या वर गेला होता. ही पत्रे टोकाला टोक लावून मांडली, तर लांबी भरते सुमारे २ लाख ३७ हजार किलोमीटर. पृथ्वीला विषुववृत्ताशी जवळजवळ सहा वेढे.

आज त्याच संस्थेच्या वर्ल्डकॅट या सामायिक तालिकेत ५० कोटींहून अधिक नोंदी आहेत. पत्रे गेली, पण प्रत्येक नोंदीमागे पुस्तक हातात घेऊन त्याचा विषय ठरवणारे कोणीतरी कधीतरी होतेच.

पाणी, पाण्यातून, पाण्यालाही

'आता गूगल आहे, तालिका कशाला?' असे लोक विचारतात. गूगल हीसुद्धा एक सूचीच आहे. पुस्तकाच्या शेवटी जशी सूची असते, शब्द आणि त्यापुढे पानांचे क्रमांक, तशीच ही, फक्त पाने शेकडो अब्ज. गूगलच्याच म्हणण्यानुसार या सूचीचा पसारा १० कोटी गिगाबाइटहून मोठा आहे. आपण शब्द टाकतो तेव्हा गूगल त्या क्षणी जग धुंडाळत नाही, आधी करून ठेवलेली सूची उघडते.

मराठीत ही सूची करणे फार अवघड. 'पाणी' हा शब्द घ्या. पाण्याला, पाण्याने, पाण्याचा, पाण्याची, पाण्यात, पाण्यातून, पाण्यावर, पाण्याखाली, पाण्यासाठी, पाण्यावाचून. असे वीस प्रत्यय नि शब्दयोगी धरले आणि प्रत्येकाला 'च' किंवा 'ही' जोडले, तर एका शब्दाची साठ रूपे झाली. ही साठही रूपे एकाच 'पाणी'खाली आली नाहीत, तर दुष्काळावरचे पुस्तक शोधणाऱ्याच्या हाती सगळ्या उल्लेखांचा एक तुकडाच लागेल. त्यात १९६२ च्या लेखननियमांआधीची पुस्तके अनुस्वारांनी भरलेली, म्हणजे जुन्या रूपांची आणखी एक भर.

आणि आपल्याकडच्या किती वैचारिक पुस्तकांना शेवटी सूची असते? मी चारशे पानांची चरित्रे पाहिली आहेत, ज्यांत एक नाव शोधायला चारशेही पाने उलटावी लागतात. लेखकाने दहा वर्षे अभ्यास करावा आणि सूचीच्या आठ पानांचा खर्च वाचवला जावा, हे मला सहन होत नाही. सूची नसलेले पुस्तक म्हणजे क्रम न लावलेला ढीगच.

एक पुस्तक, साडेदहा दिवस

शेवटचा हिशेब लहान आहे, आणि तो आपल्यासाठी आहे.

एक लाख पुस्तकांचे ग्रंथालय घ्या. पुस्तके क्रमाने असतील, तर कोणतेही पुस्तक सतरा प्रश्नांत सापडते. आता त्यातले एक पुस्तक कोणीतरी चाळले आणि चांगल्या मनाने, आपल्याला वाटले त्या जागी, परत फळीवर ठेवले. तालिकेत ते आहे, ग्रंथालयात ते आहे, पण पत्त्यावर नाही. सतरा प्रश्न आता निरुपयोगी आहेत. एकेका पुस्तकाला तीन सेकंद देऊन सगळी कपाटे तपासायची, तर ८३ तास लागतात. रोज आठ तास काम केले तरी जवळजवळ साडेदहा दिवस. एवढे मनुष्यबळ कोणत्याच ग्रंथालयाकडे नसते. म्हणून ते पुस्तक शोधलेच जात नाही. वर्षाकाठच्या मोजणीत त्याच्यापुढे 'गहाळ' असा शेरा पडतो आणि ते दोन फळ्या पलीकडे मुकाट उभे असते.

म्हणूनच जवळजवळ प्रत्येक वाचनकक्षात एक पाटी असते: 'पुस्तके परत फळीवर ठेवू नका.' ती अपमान करायला लावलेली नसते. तेरा कोटींना सत्ताविसात बसवणारी सगळी किमया त्या पाटीवर अवलंबून आहे. पुढच्या वेळी ग्रंथालयात गेलात की तेवढे एक करा: पुस्तक वाचून झाले की फळीवर ठेवू नका, टेबलावरच ठेवा.